सावलीच्या पट्ट्यातलं गाव

"अगं स्टूल धर की नीट, निले! मी पडलो तर गाव काय म्हणंल? गिराण लागायच्या आधीच मास्तराला लागलं म्हणंल."

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. आण्णा शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशापुढं उभे होते. एका हातात वर्तमानपत्राचं कात्रण, दुसऱ्या हातात खडू. कात्रणात ग्रहणाच्या दिवशी चंद्राची सावली कुठून कुठं जाणार त्या गावांची नावं होती. कारवारच्या बाजूनं जमिनीवर यायचं आणि रायचूरकडं निघून जायचं. आण्णांनी नावं शोधली, एकेका नावावर टिंब दिलं, मग खडू आडवा धरला आणि टिंबांवरून एक पांढरा पट्टा ओढला.

"ही चंद्राची सावली," ते म्हणाले. "जमिनीवर एवढीच पडणार. ह्या पट्ट्यात जो उभा राहील त्याचा सूर्य पुरता झाकणार. भरदुपारी तारे दिसणार, निले! पट्ट्याच्या बाहेर राहिला त्याला अर्धामुर्धा सूर्य."

"मग आपलं गाव?"

आमचं बोरहळ्ळी जत तालुक्याच्या पार टोकाला, कर्नाटकच्या शिवेवर. कुठल्याच नकाशात नव्हतं. एकदा वर्गातल्या कुणीतरी तोंड वाकडं करून विचारलं होतं, गुरुजी, आपण हायच न्हाई व्हय नकाशात? तेव्हा आण्णांनी अंदाजानं लाल खडूचा एक ठिपका दिला होता, आणि पुसट झाला की ते तो पुन्हा देत. त्या ठिपक्यावर त्यांनी आता बोट ठेवलं. पट्ट्याची कड ठिपक्याच्या थोडी वरून गेली होती.

"आत आलं! आगं, आत आलं बघ आपलं गाव!" म्हणून ते स्टुलावरनं खाली उडीच मारते झाले. मीही उड्या मारल्या. खडू केवढा जाड आणि नकाशावरचं एक बोट म्हणजे जमिनीवर किती कोस, हे आम्हा बापलेकींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

हे ऐंशी सालचं. मी बारा वर्षांची होते. आमचे आण्णा म्हणजे बिराजदार मास्तर, दोन खोल्यांच्या शाळेचे एकटे मास्तर. माणूस तसा गरीब, पण ग्रहणाचं नाव निघालं की त्यांच्या डोक्यात जाळ व्हायचा. त्याला कारण आमच्या घरातच होतं. माझा धाकटा भाऊ सिद्धू. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, जन्मापासून. तो पोटात असताना एक ग्रहण होऊन गेलं होतं. आईला कुणी सांगितलंच नव्हतं, तिनं त्या वेळात बसून वांगी चिरली. पोर जन्मलं आणि शेजारच्या पारूकाकूनं तोंडावर पदर घेऊन विचारलं, "गौरे, गिराणात काय चिरलंबिरलं हुतंस काय गं?"

झालं. त्या दिवसापासून माझी आई हसायची थांबली. सिद्धूला बाजारात न्यायचं तर पदरात गुंडाळून, तोंड झाकून. पाच वर्षांचं पोर, पण त्याला उघड्या तोंडानं गाव ठाऊक नव्हतं. मिरजेचे डॉक्टर म्हणत होते, घेऊन या, शिवून देतो, साधं ऑपरेशन आहे. आण्णांनी हात जोडले, पाय धरायचे बाकी ठेवले. आईचं एकच.

"चिरल्यानंच तर झालंय. आता आणि त्याच्या तोंडाला सुरी लावू? मग काय व्हईल? जीभ जाईल का जीव जाईल?"

"आगं, चिरल्यानं न्हाई झालं. सावलीनं कुणाचा ओठ फाटतोय व्हय?"

"मग कशानं झालं, सांगा."

ते काही आण्णांना सांगता यायचं नाही. ते म्हणायचे, होतं कधीकधी, कुणाच्या हातात नसतं. आई मान फिरवायची. मला आजही वाटतं, आण्णांकडं त्या एका प्रश्नाचं उत्तर असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पट्टा ओढला त्या संध्याकाळी आण्णांनी चुलीपुढंच वर्ग भरवला. चिमणी पेटवून फळीवर ठेवली. "हा सूर्य." आईच्या टोपलीतलं लिंबू उचललं. "हा चंद्र. आणि तुझं डोस्कं म्हंजे पृथ्वी."

"माझंच बरं सापडलं डोस्कं," आई म्हणाली. पण भाकरी थापायची थांबली.

आण्णांनी लिंबू तिच्या डोळ्यांपुढं सरकवत आणलं. "दिसतोय दिवा?"

"दिसतोय. अर्धा दिसतोय... आता न्हाई."

"लिंबानं दिवा गिळला काय?"

"न्हाई."

"दिवा इझला काय?"

"न्हाई, पर..."

"मग? निले, तू कुठं बसलीयास? तुला दिसतोय दिवा?"

"मला दिसतोय की आण्णा."

"बघ गौरे. तिला दिसतोय, तुला दिसत न्हाई. लिंबाची सावली तुझ्या एकटीच्या डोळ्यावर हाय. ह्यात देव न्हाई, राहू न्हाई, पाप न्हाई. चंद्र आपल्या वाटनं जाताना मधी आला, झालं. तो काय तुझी वांगी बघाय आला हुता व्हय?"

आई लिंबाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लिंबू लिंबू हाय आणि सूर्य सूर्य हाय." पण नेहमीसारखी मान फिरवली नाही. आण्णांनी तेवढ्यात साधून घेतलं.

"एक कर. शनिवारी दुपारी नुसती अंगणात ये. पोराला घेऊन, तोंड न झाकता. तुला, मला, पोरांना काय झालं तर जन्मात पुन्हा मिरजेचं नाव काढणार न्हाई. आणि काय न्हाई झालं तर सिद्धूला मिरजेला न्यायचं. बोल."

आईनं थांबलेली भाकरी पुन्हा थापायला घेतली. मग म्हणाली, "बघू."

शनिवार उजाडला. महाशिवरात्र नुकतीच झालेली, अमावास्या आणि त्यात शनिवार, म्हणजे गावाच्या दृष्टीनं सगळंच जमून आलेलं. सकाळची शाळा सुटताना आण्णांनी पोरांना सांगितलं होतं, दुपारी माझ्या अंगणात या, काचा मी देतो. चिमणीवर धरून काळ्या केलेल्या काचा त्यांनी ताटात मांडून ठेवल्या होत्या. त्या काळी तेवढंच ठाऊक होतं सगळ्यांना. दुपार झाली, एक पोर आलं नाही. गल्लीतली दारं बंद, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं, पोटुशी बायकांना आतल्या खोलीत घालून बाहेरून कड्या. पारूकाकू दाराच्या फटीतून ओरडली, "मास्तर, गिराण म्हंजे काय तमाशा हाय व्हय? त्या एका पोराचं केलंसा तेवढं पुरं न्हाई झालं?"

"दार उघडून ये की काकू, तुलाबी दावतो!" आण्णा हसत म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. ताटभर काचा आणि बघायला मी एकटी.

आईनं दाराला आतून कडी घातली नव्हती, एवढंच. ती सिद्धूला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसली होती.

सूर्याला कडेनं चावा घेतल्यासारखं दिसायला लागलं. काचेतून तो तांबडा दिसत होता, भाकरीचा तुकडा मोडावा तसा. मी ओरडून ओरडून सांगत होते. "आई, अर्धा गेला! आई, आता कोर राह्यली!" ऊन असून उन्हासारखं वाटेना. वारा गार झाला. कोंबड्या चरायच्या सोडून खुराड्याकडं निघाल्या, आणि कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस हंबरायला लागली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण आण्णा माझ्यासोबत होते.

"गौरे, आता ये! आताच हाय ती वेळ!" आण्णा उंबऱ्याशी जाऊन आईचा हात धरून उभे होते. "अंधार पडला बघ. एकदा ही वेळ गेली की आपल्या जन्मात पुन्हा न्हाई यायची. ऊठ."

"मला भ्या वाटतंय वो."

"मी हाय न्हवं? निली बघ कशी उभी हाय. निले! काच काढ आता! पुरता झाकला की उघड्या डोळ्यानं बघायचं असतं. बघ आणि आईला सांग, तारे दिसत्यात का!"

मी काच काढली. वर बघितलं.

काळं काही नव्हतं. एक बारीक पांढरी तार होती, वाकवलेली, आणि तिच्याकडं बघवत नव्हतं. पण आण्णांनी सांगितलं होतं, आता बघायचं असतं. मला वाटलं, आत्ता झाकंल, आत्ता झाकंल. तारे शोधत मी बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसून पुन्हा बघितलं.

मागं काहीतरी वेगळंच ऐकू आलं म्हणून मी वळले. आई हसत होती.

ती अंगणातल्या चिंचेखाली येऊन उभी होती. सिद्धू कडेवर, तोंड उघडं. पानांतून पडणारं ऊन जमिनीवर गोल गोल सांडायचं रोज. आज त्याच्या कोरी झाल्या होत्या. अंगणभर, तुळशीवर, सिद्धूच्या उघड्या पाठीवर बारीक बारीक चंद्रकोरी हलत होत्या. सिद्धू त्या पकडायला हात मारत होता, आणि त्याच्या फाटक्या ओठांतून खिदळणं बाहेर येत होतं.

"बया!" आई म्हणाली. "किती गं ह्या! आवं, बघा की, ह्याच्या अंगावर किती पडल्यात! आणि काय लागंना, काय पोळंना!"

आण्णांनी त्या कोरींकडं बघितलं, आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. सूर्य पुरता झाकला असता तर कोरी पडल्याच नसत्या. आमचं गाव पट्ट्यात नव्हतं. सूर्याची कड शिल्लक होती, आणि त्यांनी मला काच काढायला सांगितली होती.

ते धावत माझ्याकडं आले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांवर पंजा दाबला.

"बघितलंस? निले, वर बघितलंस काय?" आवाज इतका बारीक की आईला ऐकू जाऊ नये.

त्यांच्या बोटांच्या फटीतून मला आई दिसत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून ती तार नाचत होती, तरी हसणं कळत होतं. किती वर्षांनी हसत होती ती.

"न्हाई आण्णा," मी म्हणाले. "काच काढलीच न्हाई मी."

त्यांनी श्वास सोडला, मला छातीशी धरलं, आणि म्हणाले, "शहाणी माझी बाय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि ज्याच्याकडं बघावं तिथं एक करडा डाग. चुलीकडं बघितलं तर चूल नाही, बाजूची जाळ फुंकायची फुकारी दिसते. फुकारीकडं बघावं तर ती नाही, चूल दिसते. मला वाटलं जाईल. चार वेळा डोळे धुतले. पारूकाकू सकाळीच येऊन सगळ्यांची तोंडं तपासून गेली. "पोरीचं डोळं लाल का गं गौरे?"

"कांदा चिरला, काकू," मी म्हणाले.

"कांदाच का?"

"कांदाच," आई ठसक्यात म्हणाली. "काय झालं न्हाई कुणाला. बघितलंस न्हवं?" काकूला असं उत्तर आईनं उभ्या आयुष्यात दिलं नव्हतं. त्याच दिवशी ती सिद्धूला घेऊन पाण्याला गेली, उघड्या तोंडानं. आणि रात्री जेवताना आण्णांना म्हणाली, "मिरजेला कधी जायचं म्हणता?"

आता सांगा, मी काय बोलणार होते?

शाळेत मी निभावून नेत होते. पुस्तक बरंचसं पाठ होतं. फळ्यावरचं शेजारची सुंद्री पुटपुटली की मी म्हणायचे. पण आण्णा शेवटी मास्तर. आठवडाभरात त्यांना काहीतरी खटकलं. एके दिवशी त्यांनी मला नकाशापुढं बोलावलं.

"निला, आपलं गाव दाखव."

ते तर मी झोपेत दाखवलं असतं. मी सरळ बोट ठेवलं. "हे बघा. हा लाल ठिपका."

वर्ग हसला. आण्णांनी ग्रहणाच्या रात्रीच ओल्या फडक्यानं पट्टा पुसला होता, आणि त्याबरोबर ठिपकाही. माझ्या बोटाखाली काही नव्हतं.

"जा रे, खेळा जा," आण्णा पोरांना म्हणाले. पोरं पळाली. त्यांनी दार ओढून घेतलं आणि माझ्यापुढं उकिडवे बसले.

"माझ्याकडं बघ. काय दिसतंय?"

"तुमचे कान दिसत्यात."

"आणि तोंड?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"गिराणापासनं?"

"व्हय."

"मग त्या दिवशी खोटं का सांगितलंस? का, निले?"

"आई हसत होती," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

आण्णांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या, एकीमागून एक. मी त्यांचे हात धरले तर ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले. बापाला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही नुसतं ऐकलंच.

"मी आत्ताच्या आत्ता सांगतो तिला. माझ्या मूर्खपणानं झालं म्हणून सांगतो. गाव पट्ट्यात नव्हतं, कड राह्यली हुती. सूर्याकडं रोज कधीबी टक लावून बघितलं तरी असंच व्हतंय, त्यात गिराणाचं काय न्हाई..."

"ती ऐकंल?"

उठायला लागलेले आण्णा पुन्हा खाली बसले.

"ती म्हणंल, दुसरं पोरबी वाया गेलं," मी म्हणाले. "मग सिद्धूला पाठवील ती मिरजेला?"

त्या माणसानं आयुष्यात कधी खोटं शिकवलं नव्हतं. पोरांनी एखादं गणित नक्कल करून आणलं तरी त्यांना दिवसभर चैन पडायचं नाही. शेवटी उठले, फडक्यानं माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं पुसलं.

"ऑपरेशन होऊ दे," म्हणाले. "मग बघू."

मिरजेला आम्ही चौघं गेलो. आई सिद्धूपाशी वॉर्डात थांबली. आण्णा मला "गाव दाखवून आणतो" म्हणून घेऊन निघाले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत उजेड पाडून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"सूर्याकडं बघितलं होतंस, बाळ?"

मी आण्णांकडं वळले. आण्णा म्हणाले, "मीच सांगितलं हुतं तिला."

डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मधला भाग जळलाय," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचा. थोडंफार सुधारलं तर सुधारेल, पण आशा धरू नका. कडेचं चांगलं राहील. पोरी, ज्याला बघायचं त्याच्या बाजूला बघत जा, म्हणजे तो दिसेल."

बाहेर आल्यावर आण्णा रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग मीच म्हणाले, चला, आई वाट बघत असंल.

सिद्धूची पट्टी निघाली त्या दिवशी आईनं नवं लुगडं नेसलं होतं. नर्सनं टाके काढले, सिद्धू रडला, मग गप्प झाला. आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग एकदम तिला हुंदका आणि हसू बरोबरच आलं. तिनं त्याला उचललं, आण्णांपुढं धरलं, नर्सपुढं धरलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईपुढं धरलं. "बघा, माझा सिद्धू! बघा कसा दिसतोय!" पाच वर्षं पदरात झाकलेलं तोंड ती सगळ्या वॉर्डाला दाखवत सुटली.

"आणि तू गं, निले? तिकडं काय उभी राह्यलीस? ये, बघ भावाला."

मी जवळ गेले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं बाजूला बघितलं, त्याच्या कानाच्या पलीकडं. तेव्हा कडेनं एक ओठासारखं काहीतरी पुसट आलं.

"आगं, तिकडं कुठं बघतीस? त्याच्या तोंडाकडं बघ की. अशी काय करतीस?"

आण्णा आईच्या मागं उभे होते.

मी सिद्धूच्या तोंडाकडं सरळ बघितलं. तिथं करडा डाग होता. डागाच्या कडेनं आईची बोटं दिसत होती, त्याची हनुवटी धरलेली.

"दिसतोय न्हवं छान?" आई म्हणाली.

"लई छान दिसतोय, आई," मी म्हणाले. "कळतसुद्धा न्हाई, कुठं फाटलं हुतं ते."